जुनी अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी किंवा जीप परराज्यातून गावात आणायची? आधी परतीच्या ट्रकचं गणित समजून घ्या

विशेष प्रतिनिधी | नाशिक ग्रामीण

कोलकात्यात एखादी अ‍ॅम्बेसेडर पसंत पडते, दिल्लीत जुनी जीप स्वस्तात मिळते, चेन्नईकडे स्टँडर्ड हेराल्ड विकायला निघते. फोटो मोबाइलवर येतात, भाव ठरतो, घरात होकार मिळतो. मग खरा प्रश्न उभा राहतो, ही कार निफाड, चांदवड, येवला किंवा दिंडोरीपर्यंत आणायची कशी? कारच्या किमतीच्या निम्मे पैसे जर भाड्यातच गेले, तर स्वस्तात घेतल्याचा उपयोग काय?

याचं उत्तर आपल्याच बाजार समितीच्या दारात उभं असतं. लासलगाव, पिंपळगाव बसवंतहून कांदा भरून कोलकाता, दिल्ली, चेन्नईकडे जाणाऱ्या ट्रकना परत यायचंच असतं. परतताना मिळेल ते भाडं ट्रकवाल्याला हवं असतं. या परतीच्या भाड्यातच बचत आहे. मात्र ही बचत ट्रकच्या रिकाम्या जागेतून करायची. कागदपत्रं, बांधणी आणि विमा यांत काटकसर केली तर ती महागात पडते. कशी, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

चालवत आणली तर?

पहिला विचार हाच येतो की दोघं-तिघं मित्र जाऊ आणि चालवत आणू. दिल्ली ते नाशिक हे अंतर आग्रा-मुंबई महामार्गाने साधारण १,३०० किलोमीटर, तर कोलकाता ते नाशिक साधारण १,८०० ते १,९०० किलोमीटर आहे. जुन्या कारने लिटरला १० किलोमीटर दिले असं धरलं, तरी कोलकात्याहून १८० ते १९० लिटर पेट्रोल लागणार. त्यावर टोल, मुक्काम आणि जेवण आलंच.

हा हिशेब काहीच बिघडलं नाही तरचा. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या कारचे रबरी पाइप कडक होऊन तडकलेले असतात. टाकीत साचलेला गंज कार्ब्युरेटरमध्ये जातो. टायरवर नक्षी दिसते, पण रबर मेलेलं असतं. सेंधव्याच्या घाटात ब्रेक उतरले, तर वाचवलेल्या भाड्याचं समाधान उरत नाही.

शिवाय कायद्याची अडचण असते. खासगी कारची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. नोंदणी संपलेली कार रस्त्यावर चालवता येत नाही. दिल्ली परिसरात १५ वर्षांवरच्या पेट्रोल आणि १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांबाबत २०१५ मध्ये हरित लवादाचे आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आले. त्यानंतरही नियम बदलत राहिले आहेत. तिथून जुनी कार चालवत बाहेर काढण्यापेक्षा ट्रकवर चढवणं शहाणपणाचं.

रेल्वेने येते का?

मोटारसायकल पार्सल ऑफिसमध्ये बुक करून येते, तशी कार येईल असं बऱ्याच जणांना वाटतं. रेल्वेने नव्या कार येतात हे खरं आहे, पण ते काम कंपन्यांसाठी संपूर्ण मालगाडी भरून चालतं. एकट्या माणसाच्या एका कारसाठी ही सोय उपयोगाची नाही.

कोकण रेल्वेने ऑगस्ट २०२५ मध्ये गणपतीच्या दिवसांत कोलाड ते वेर्णा अशी कार वाहून नेणारी रो-रो सेवा सुरू केली. एका कारचं भाडं ७,८७५ रुपये होतं. गोव्याहून जुनी कार आणायची असेल आणि त्या वेळी अशी सेवा सुरू असेल, तर जरूर चौकशी करावी. उत्तर किंवा पूर्व भारतातून आणायला मात्र रस्ताच आहे.

ट्रकचं भाडं ठरतं कसं?

समजा, तुम्ही कोलकात्याहून फक्त तुमच्या कारसाठी १७ फुटी आयशर केली. ट्रक लिटरला ८ किलोमीटर देतो आणि डिझेल ९० रुपये लिटर आहे असं धरू. १,८५० किलोमीटरला २३० लिटरच्या आसपास, म्हणजे एका बाजूचं डिझेलच साधारण २१ हजारांचं झालं. टोल, चालकाचा भत्ता आणि मालकाचा नफा वेगळा. हाच ट्रक नाशिकहून रिकामा पाठवायचा असेल तर डिझेल दुप्पट. म्हणूनच गावातला ओळखीचा टेम्पो पाठवतो म्हणणाऱ्यांना शेवटी तो सगळ्यात महाग पडतो.

कांदा घेऊन गेलेल्या ट्रकचा जाण्याचा खर्च कांद्याच्या भाड्यात निघालेला असतो. येताना त्याला डिझेल, टोल आणि वर थोडं सुटलं तरी चालतं. त्यातही ट्रकमध्ये अर्धी जागा दुसऱ्या मालाने भरलेली असेल आणि मागच्या अर्ध्या जागेत तुमची कार बसत असेल, तर भाडं आणखी खाली येतं. याला पार्ट लोड म्हणतात.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्याकडून माल जोरात जात असतो, तेव्हा तिकडे परतीच्या भाड्याची वाट पाहणारे ट्रकही जास्त असतात. त्या दिवसांत भाव तुमच्या बाजूने असतो. पण त्याच दिवसांत चालकाला पुढच्या खेपेसाठी लवकर परतायचं असतं. तो कमी पैसे घेईल, पण दोन दिवस थांबणार नाही. थांबवलं तर हॉल्टिंग लागेल आणि सगळी बचत त्यात जाईल. म्हणून कार, कागद आणि चढवण्याची जागा तयार असेल तेव्हाच ट्रक ठरवा.

चौकशी कुठे करायची? ज्या व्यापाऱ्याला तुम्ही कांदा घालता, त्याला त्याचा ट्रान्सपोर्टवाला विचारा. बाजार समितीच्या आसपासच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसांत दोन-तीन ठिकाणी भाव घ्या. मोबाइलवरच्या जाहिरातीतल्या अनोळखी माणसापेक्षा, ज्याचं ऑफिस आपल्याला चालत जाऊन गाठता येतं तो बरा.

कार वाहून नेणारे खास कॅरियरही आहेत. त्यांच्याकडे रॅम्प आणि पट्टे असतात, मालही हाताळलेला असतो. पण ते बहुतेक मोठ्या शहरापर्यंतच येतात. पुणे, भिवंडी किंवा नाशिकपासून गावापर्यंतचा खर्च त्यात मिळवूनच तुलना करा.

कोणत्या ट्रकमध्ये कोणती कार बसते?

फोनवर "बसेल की" म्हणणारे खूप भेटतात. त्यापेक्षा टेप लावून मोजा.

- छोटा हत्ती: मागची जागा साधारण ७ फूट. यात एकही कार बसत नाही.
- पिकअप: ९ ते १० फूट. पद्मिनी साधारण १३ फूट लांब आहे. मागचं फळकं उघडं ठेवून ती बाहेर लोंबकळत आणणं धोक्याचं आणि नियमाविरुद्ध.
- १४ फुटी आयशर: पद्मिनी बसते, जुनी विलीज जीपही आरामात बसते. अ‍ॅम्बेसेडर मात्र १४ फुटांहून थोडी जास्त लांब आहे, त्यामुळे फळकं बंद होत नाही.
- १७ किंवा १९ फुटी: अ‍ॅम्बेसेडरसाठी हीच घ्यावी.
- मोठा दहा किंवा बारा चाकी ट्रक: पार्ट लोडसाठी उत्तम, पण मागचा तळ जमिनीपासून चार-पाच फूट उंच असतो. कार चढवायची कशी हे आधी ठरवावं लागतं.

लांबीइतकीच रुंदीही पाहा. कार आत गेली आणि दार उघडायला जागा नसेल, तर चालवणारा आतच अडकतो. काच खाली ठेवूनच कार आत घ्यावी.

ट्रकमध्ये आधी काय भरलं होतं तेही विचारा. खत, मीठ किंवा रसायनं वाहिलेला तळ न धुता कार चढवली, तर आधीच गंजू पाहणाऱ्या पत्र्याला ते भोवतं.

चढवणं-उतरवणं: नुकसान इथेच होतं

रस्त्यात होतं त्याहून जास्त नुकसान चढवताना आणि उतरवताना होतं. सगळ्यात चांगली जागा म्हणजे ट्रकच्या तळाच्या उंचीचा धक्का. गोदाम, कोल्ड स्टोरेज किंवा बाजार समितीचा माल भरायचा धक्का यासाठी चालतो, फक्त परवानगी आधी घ्या. उतरवताना पिंपळगाव किंवा लासलगावच्या बाजूला अशी जागा शोधून ठेवली, तर वस्तीवरच्या अरुंद रस्त्याने मोठा ट्रक नेण्याची वेळ येत नाही. तिथून घरापर्यंत सपाट तळाचं टोइंग वाहन करा. ट्रॅक्टरला दोर बांधून ब्रेक नसलेली कार ओढत नेऊ नका.

क्रेनने उचलायची वेळ आली, तर कोणती कार आहे ते पाहा. जुन्या जीपला खाली वेगळी, मजबूत चेसिस असते. पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडरला तशी वेगळी चेसिस नाही, सगळा भार बॉडीच पेलते. दारांखालचा पत्रा गंजलेला असेल आणि त्याखालून पट्टा घालून उचललं, तर कार मधून वाकू शकते. मग दारं कधीच नीट लागत नाहीत.

कार चालू स्थितीत आहे की नाही, हे ट्रान्सपोर्टवाल्याला खरं सांगा. बंद कार ढकलून किंवा विंचने चढवावी लागते, त्याची हमाली आणि वाराई वेगळी असते. ती आधीच भाड्यात ठरवून घ्या, म्हणजे ऐनवेळी भांडण नको.

बांधताना पुढील काळजी घ्या.

- पट्टे चाकांवरून किंवा अ‍ॅक्सलला घ्या. क्रोमच्या बंपरला दोर बांधून ताणला, तर घाटातल्या हिसक्यांनी बंपर वाकतो.
- चारही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावून ते तळाला ठोका. जुन्या हँडब्रेकवर विसंबू नका.
- पेट्रोल टाकीत थोडंच ठेवा आणि बॅटरीची वायर काढा.
- व्हीलकॅप, आरसे, टेप, बोनेटवरचं चिन्ह असे सुटे भाग काढून सोबत आणा. यातले जुने मूळ भाग पुन्हा मिळत नाहीत.
- ताडपत्री थेट रंगावर टाकू नका. वाऱ्याने फडफडून ती रंग घासते. आधी जुनी गोधडी किंवा सुती कापड आणि त्यावर ताडपत्री टाका.
- कारमध्ये दुसरं सामान भरू देऊ नका.

शंभर किलोमीटरवर एकदा थांबून पट्टे पुन्हा आवळायला चालकाला सांगा. सुरुवातीच्या हिसक्यांत ते सैल पडतात.

आधी एनओसी, मग ट्रक

हा क्रम उलटा झाला, तर कार दारात येते आणि नावावर मात्र होत नाही. परराज्यातली कार आपल्याकडे नोंदवायला मूळ आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी नमुना २८ भरावा लागतो. मालकी बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३०, तर नव्या राज्याचा क्रमांक घेण्यासाठी नमुना २७ लागतो. कारवर कर्जाचा बोजा असेल तर नमुना ३५ आणि बँकेचं पत्रही हवं. थकलेले ई-चलन आणि कर आधी भरावे लागतात.

जुन्या कारची खरी अडचण अशी की, तीन इंग्रजी अक्षरांच्या जुन्या क्रमांकाची नोंद बऱ्याचदा वाहन प्रणालीत नसते. फक्त जुनं आरसी पुस्तक असतं. अशा वेळी मूळ आरटीओत बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते, त्याशिवाय पुढचं काम सरकत नाही. हे काम विकणाऱ्यानेच करून द्यावं, अशी अट व्यवहार ठरवतानाच घाला. सगळे पैसे देऊन झाल्यावर तिकडच्या आरटीओत खेटे घालायला कोणी येत नाही.

ट्रकवर चढवण्यापूर्वी चेसिस क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलने त्याची छाप घ्या आणि आरसीशी ताडून पाहा. आपल्याकडे नाशिक (एमएच १५) किंवा मालेगाव (एमएच ४१) कार्यालयात नोंदणी करताना तपासणी होईल, शुल्क, राज्याचा कर आणि जुन्या वाहनांचा पर्यावरण कर भरावा लागेल. हा खर्च भाड्याइतकाच खरा आहे, तो बजेटमध्ये धरा.

तीन ठिकाणी विशेष जपून राहा. कोलकात्यातली टॅक्सी म्हणून चाललेली अ‍ॅम्बेसेडर स्वस्त मिळते, पण तिची नोंद व्यावसायिक असते. खासगी नोंद करून मिळाल्याशिवाय ती घेऊ नका. दुसरं, हरियाणातल्या डबवालीसारख्या ठिकाणी मिळणारी, सुटे भाग जोडून बनवलेली देखणी जीप. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात असा बदल चालत नाही. आरसीवर एक आणि प्रत्यक्षात दुसरीच जीप असेल, तर ती इथे नोंदली जाणार नाही.

तिसरं, ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली कार. तिच्यासाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची सोय आहे. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये असून ती १० वर्षं चालते. पण अशी कार रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठीच परवानगी आहे. तालुक्याला रोज जायचं असेल तर हा मार्ग तुमचा नाही.

बिल्टीवरचा एक आकडा

आता सगळ्यात महत्त्वाचं. भाडं कमी करण्यासाठी काही जण सांगतात, "बिल्टी कशाला? विश्वासावर पाठवून देतो." किंवा बिल्टीवर कारची किंमत २० हजार लिहायला सांगतात. दोन्हीला नाही म्हणा.

रस्त्याने माल वाहण्यासाठी २००७ चा कायदा आणि २०११ चे नियम आहेत. त्यानुसार नोंदणीकृत वाहतूकदाराची नुकसानीची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपुरती असते, आणि तीही तुम्ही लिहून दिलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. म्हणजे पार्ट लोडमध्ये तुम्ही १२ हजारांत भाडं ठरवलं, तर जबाबदारीची मर्यादा १ लाख २० हजार. कार ३ लाखांची असेल तर उरलेले १ लाख ८० हजार तुमच्याच अंगावर. बिल्टीवर किंमत २० हजार लिहिली असेल तर मिळाले तरी २० हजारच. भाडं जितकं स्वस्त, तितकी ही मर्यादा खाली येते.

यावर दोन उपाय आहेत. वाहतूकदाराने जादा जोखमीचा दर ठेवला असेल, तर तो देऊन जबाबदारी वाढवून घ्या. किंवा स्वतः प्रवासापुरता मालवाहतूक विमा काढा. कारचा नेहमीचा थर्ड पार्टी विमा दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो, ट्रकवरून तुमची कार घसरली तर तो कामाचा नाही. परतीच्या ट्रकने वाचलेल्या पैशातला थोडा भाग विम्यावर घालवणं हाच खरा फायद्याचा सौदा.

ओळखीचा ट्रकमालक असला, तरी बिल्टी ट्रान्सपोर्ट ऑफिसमार्फतच घ्या. तिच्यावर ट्रक क्रमांक, कारचा क्रमांक, चेसिस क्रमांक, खरी किंमत, ठरलेलं भाडं आणि पोचवण्याचं ठिकाण लिहिलेलं असावं. चालकाजवळ आरसी, एनओसी आणि विक्रीपत्राच्या झेरॉक्स द्या, मूळ कागद स्वतःजवळ ठेवा. कार डीलरकडून पक्क्या बिलावर घेतली असेल, तर ई-वे बिलाबद्दल त्यालाच आधी विचारा.

फसवणूक कशी ओळखायची?

वरचं डिझेलचं गणित इथेही कामाला येतं. कोलकात्याहून फक्त तुमच्या कारसाठी ट्रक, घरपोच, सात-आठ हजारांत, असं कोणी सांगत असेल तर तेवढ्यात डिझेलही निघत नाही. पुढे काय होतं तेही ठरलेलं आहे. कार ताब्यात घेतली जाते, मग विमा, कर, चेकपोस्ट अशी नावं घेऊन फोन सुरू होतात आणि कार अडकवून ठेवली जाते.

जीएसटी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर तपासा. ट्रकचा क्रमांक एमपरिवहन अ‍ॅपवर पाहा. सगळं भाडं आधी देऊ नका, ठरावीक आगाऊ आणि बाकी कार उतरल्यावर. चढवताना चारही बाजूंनी, आतून आणि मीटरच्या आकड्यासह व्हिडिओ काढा. पैसे ऑनलाइन लुबाडले गेले, तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा. सेवेबद्दल तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

उतरवल्यावर सही करण्याआधी

ट्रक बहुतेक वेळा रात्री किंवा पहाटे येतो. चालकाला घाई असते, आपल्याला आनंद झालेला असतो, आणि अंधारातच पोचेवर सही होते. असं करू नका. बॅटरी घेऊन कारभोवती फिरा, व्हिडिओशी ताडून पाहा. ओरखडा, पोचा, फुटलेला दिवा, जे असेल ते पोचेवर लिहून चालकाची सही घ्या आणि मगच तुमची करा. भरपाईचा दावा लावायचा असेल, तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते. फोनवर झालेलं बोलणं त्यात धरलं जात नाही.

थोडक्यात क्रम असा ठेवा:

१. चेसिस क्रमांक आणि आरसी पडताळणी.
२. बॅकलॉग नोंद, थकबाकी आणि एनओसी.
३. कारची लांबी-रुंदी मोजून ट्रकचा आकार ठरवणं.
४. बाजार समितीच्या परिसरातून परतीच्या ट्रकचे किमान तीन भाव.
५. चढवण्या-उतरवण्याची जागा पक्की करणं.
६. खऱ्या किमतीची बिल्टी आणि प्रवासाचा विमा.
७. व्हिडिओ, बांधणी आणि रवानगी.
८. तपासून मगच पोचेवर सही.

अ‍ॅम्बेसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. कुर्ल्यात बनणारी पद्मिनी त्याच्याही आधी बंद झाली, आणि मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. या कार आता नव्याने मिळणार नाहीत, म्हणून एखादी चांगली राखलेली कार वाटेत मोडली तर पैसे देऊनही तशीच दुसरी मिळेल याची खात्री नाही. ट्रक एखादा आठवडा उशिरा मिळाला तरी चालेल, पण वरच्या आठपैकी एकही पायरी गाळू नका.